करंबेळकर काकांचं रोम

करंबेळकर काका आन्सरिंग मशीनशी भांडत. "बीप वाजल्यावर निरोप ठेवा," असं आमचं मशीन म्हणालं की काका सुरू. "बीप वाजल्यावरच का? आधी बोललो तर काय करशील?" मग बीप वाजे, आणि मूळ मुद्दा यायच्या आत मशीन बंद पडे. लगेच दुसरा फोन. "माझं वाक्य तोडतोस? तू?" संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी आणि माझा नवरा अमोल बूटसुद्धा न काढता उभ्या उभ्या ही भांडणं ऐकायचो. सगळ्यात शेवटी कळायचं, की काकूंनी अळूवड्या केल्यात, येऊन घेऊन जा.

आम्ही मिशिगनमध्ये नोव्हाय गावात घर घेतलं तेव्हा काका-काकू शेजारी होते. काका मूळचे सांगलीचे. तरुणपणीच अमेरिकेत आले आणि मोटारींच्या ब्रेकवर काम करून रिटायर झाले. "जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना ब्रेक लावले," काकू म्हणायच्या, "स्वतःला एखादा बसवून घेतला असता तर!"

काकांना रागावायला कारण लागत नसे, नुसता विषय पुरे. पानं उडवायचं यंत्र घ्या. "स्वतःचा कचरा दुसऱ्याच्या अंगणात ढकलायला पेट्रोल जाळतात!" कॉफीच्या कपावर 'सावधान, गरम आहे' असं छापलेलं दिसलं की, "गरम असणारच! थंड निघाली तर सावध करा!" पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, दोन घरांतून छोले आले तर काका तिसऱ्या घराला फोन करून छोले कॅन्सल करायला लावत. आणि प्रत्येक विषयाचा शेवट ठरलेला : "हा शुद्ध गाढवपणा आहे."

पण त्यांचा खरा, जपून वाढवलेला राग होता तो युरोपमार्गे भारतात जाणाऱ्या आपल्या लोकांवर. एकदा गणपतीच्या आरतीनंतर आमच्या बेसमेंटमध्ये प्रसादाची वाटी हातात धरून ते कडाडले, "विमान बदलायला रोमला दिवसभराचा लेओव्हर असतो, आणि करतात काय? बाकड्यावर बसून थेपले खातात! बाहेर अख्खं रोम उभं आहे, आणि हे आत ड्यूटी-फ्रीतली चॉकलेटं निवडतायत!"

माझ्या भावाचं लग्न ठरलं. अमोलच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं, म्हणून मी एकटीच निघणार होते. काकू मुलीच्या बाळंतपणाला कॅलिफोर्नियात, आणि काकांना सांगलीला जायचं होतं. त्यांनी मला न विचारता दोघांचं बुकिंग करून टाकलं. आधी न्यूअर्क, तिथून रोम. सकाळी उतरायचं, संध्याकाळी मुंबईचं विमान.

"काका, तुमचा पासपोर्ट अमेरिकन आहे. मला इटलीचा व्हिसा लागेल."

"मग काढ."

"त्यापेक्षा मी एअरपोर्टवर बसते ना पुस्तक घेऊन."

"बसतेस? रोममध्ये? आणि पुस्तक वाचतेस?" काका इतके लाल झाले की मी मुकाट्याने रजा टाकून व्हिसाच्या मागे लागले. मनातून मी धुमसत होते. लग्न माझ्या भावाचं, रजा माझी, आणि रोम यांचं.

थंडी सुरू झाल्यावर काकांनी मला मॉलमध्ये चालण्याच्या सरावाला नेलं. काचसामानाच्या दुकानापासून फूड कोर्टापर्यंत, हात मागे बांधून, भराभर. चालता चालता ते पँथिऑनबद्दल, रोममधल्या त्या प्राचीन देवळाबद्दल सांगत. "दोन हजार वर्षं उभा आहे तो घुमट! आत लोखंडाची एक सळई नाही! वर मधोमध भोक, त्यातून थेट आकाश. आणि आपल्या सबडिव्हिजनमधली घरामागची लाकडी डेकं? तिसऱ्या वर्षी कुजली! हा शुद्ध..." बाकीचं वाक्य मीच पुरं करायचे. तो घुमट बघायला हा माणूस किती आसुसलाय, हे तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं.

न्यूअर्कला टर्मिनल बदलताना सिक्युरिटीवाल्याने बूट काढायला लावले. काका म्हणाले, "माझ्या मोज्याला भोक आहे हे मला माहीत होतं, आता सगळ्या न्यू जर्सीला दाखवलंत." नशीब, मराठीत म्हणाले.

रोमला उतरल्यावर काकांनी आधी बूट बदलले. प्रवासाचे वेगळे, चालायचे वेगळे. त्यामुळे आमच्या विमानातली माणसं कधीच पुढे निघून गेली होती. पासपोर्ट तपासणीकडे वळणार, तोच कॉरिडॉरच्या कोपऱ्यात एका व्हीलचेअरवर एक आजी दिसल्या. सुती साडी, त्यावर मुलाचा वाटावा असा ढगळ स्वेटर, मांडीवर शाल, पायात पांढरे स्नीकर्स. आजूबाजूला कुणी नाही. आम्हाला बघून त्यांनी बोर्डिंग पास झेंड्यासारखा वर धरला. "मुंबई! मुंबई!"

"आजी, मराठी का?" मी विचारलं.

त्यांचा चेहराच सैल झाला. चाळीसगावच्या होत्या. मुलगा न्यू जर्सीत, पार्सिपनीला. नातवाला सांभाळायला आल्या होत्या, व्हिसाची मुदत संपली म्हणून परत निघालेल्या. खुर्ची ढकलणारा माणूस त्यांना इथे ठेवून गेला तो गेलाच. "पोरानं सांगितलंय, कुनीतरी येईल, तू जागची हलू नको. म्हनून हलले नाही."

"पाणी प्यायलात का?" काकांनी विचारलं.

"नाही बा. पानी प्यालं की मग बाथरूम. ती कुठं शोधू मी?"

"म्हणजे विमानातही नाही? हा शुद्ध गाढवपणा आहे!"

"ओरडू नका. मला चांगलं ऐकू येतं."

मी आजींना बाथरूमला नेऊन आणलं, पाणी आणि बिस्किटं आणली. काकांनी स्वतः खुर्ची ढकलत त्यांना मुंबईच्या गेटपाशी नेलं. काउंटरवर अजून कुणीच नव्हतं. पलीकडच्या डेस्कवर युनिफॉर्ममधली एक बाई फोनवर बोलत होती. तिला काकांनी इंग्रजीत असं काही झापलं की तिचा रिसीव्हर हातातच राहिला. तिने खांदे उडवले. मुंबईचा स्टाफ दुपारी येतो म्हणाली.

"काका, आजी आता गेटवर आहेत," मी म्हटलं. "पाणी आहे, बिस्किटं आहेत. आपण जाऊन येऊ."

आम्ही निघालो. पासपोर्टच्या रांगेत आमच्यापुढे एकच कुटुंब उरलं होतं, तेव्हा काका थांबले.

"तू जा."

"म्हणजे?"

"त्या बाईला परत तहान लागली तर? परत गप्प बसेल ती. तू जा."

मग मात्र माझा तोल गेला. "काका, तुमच्यासाठी मी रजा घालवून व्हिसा काढला! मॉलमध्ये फेऱ्या मारल्या! आणि आता एकटी जाऊ?"

"हो! आणि घुमट नीट बघून ये! वर बघायचं, दुकानांकडे नाही!" सगळी रांग वळून बघायला लागली. काका माघारी गेलेसुद्धा.

मी चिडूनच ट्रेनमध्ये बसले. चिडूनच त्या चिरेबंदी गल्ल्यांतून चालले. पँथिऑनच्या दारातून आत गेले आणि मान वर केली. वरच्या भोकातून उन्हाचा एक भलामोठा गोल भिंतीवर पडला होता, आणि सगळी माणसं तोंड उघडं टाकून वर बघत होती. बराच वेळ मी तिथेच उभी होते. राग कधी ओसरला, कळलं नाही. फक्त शेजारी कुणीतरी गरजायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

परत आले तेव्हा आजी माझीच वाट बघत होत्या. पुन्हा बाथरूमला जायचं होतं, आणि काकांना सांगायला त्यांना संकोच वाटत होता. हात धुता धुता त्या म्हणाल्या, "तुझे काका लई भांडतात गं. पन एक सांगू? दिवसभर मला एकच इचारत होते. इथं एकटं बसलं की काय वाटतं? भीती वाटते का? कुनी पानी इचारतं का? मी म्हटलं, आता तुमी आहात ना, मग कशाला इचारता?"

"मग?"

"मग म्हनले, त्यांची आई अशीच एकदा एकटी परत गेली होती, अमेरिकेतून. अशीच थांबली असंल कुठंतरी. घरी पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारली म्हने. इचारायचं राहून गेलं."

खुर्चीत बसताच आजींना डुलकी लागली. काका शेजारच्या बाकावर होते, पायांत तेच चालायचे बूट. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "काका, तो घुमट—"

"हळू," काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

मग स्वतःच माझ्याकडे सरकले आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "सांग. सगळं सांग. भोकातून आकाश दिसलं?"

मी कुजबुजत सांगायला लागले. काका ऐकत होते. मध्येच त्यांनी हात लांब करून आजींच्या मांडीवरून घसरलेली शाल वर ओढली, आणि पुन्हा माझ्याकडे कान केला.