नवा मोड आणि मॅडमची लिफ्ट

"एका क्लिकचं काम आहे, मॅडम! चहा निवायच्या आत करून देतो!"

काकांनी हे भर मीटिंगमध्ये सांगितलं, तेही छाती पुढे काढून. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या कंपनीचं तक्रारींचं ॲप्लिकेशन काकांनीच अकरा वर्षांपूर्वी तयार केलं होतं. ते ज्या प्लॅटफॉर्मवर चालायचं, तिथे सेटिंगमध्ये एक प्रश्न होता: जावास्क्रिप्ट, म्हणजे काकांनी ते ज्या भाषेत लिहिलं ती, जुन्या मोडमध्ये चालवायची की नव्या? अकरा वर्षं उत्तर होतं 'जुना'. आता मॅडमना 'नवा' हवा होता आणि तो शुक्रवारपर्यंत हवा होता. नाही जमलं तर ॲप्लिकेशन बाहेरच्या कंपनीकडे जाणार आणि काका तळघरातल्या गोदामात, सुट्या भागांच्या राखणीला!

गोदामात चिटपाखरू नव्हतं. काकांना भीती त्याचीच होती. बायको जाऊन आठ महिने झाले होते. दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं, ते ऑफिसातल्या याच खुर्चीत बसून. ती खुर्ची गेली असती, तर आपला आवाज शाबूत आहे की नाही हे बघायला मुद्दाम खोकावं लागलं असतं.

शुक्रवारी सकाळी नऊला काकांनी 'नवा'वर क्लिक केलं आणि हात चोळत वाट पाहिली. सव्वानऊ. साडेनऊ. दहा. एकही तक्रार नाही!

"काका, आज पडदा कोरा कसा?" रिसेप्शनवरच्या ताईंनी विचारलं.

"नवा मोड, ताई! लिफ्टसुद्धा शिस्तीत आल्या!"

साडेदहापर्यंत सगळे मेकॅनिक ऑफिसात पाय पसरून बसले. त्यांच्यात एक बोल्ट होता. तो उंचीने बोल्टएवढाच, पण कुरकुर मात्र ट्रकभर. 'सगळं शहर माझ्याच बोकांडी बसवता' हे त्याचं रोजचं रडगाणं, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करणं हा ऑफिसचा रोजचा उद्योग.

"काका, अकरा वर्षांत पहिल्यांदा बसून चहा प्यालो!" बोल्टचे डोळे भरून आले.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि ही बातमी सातव्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांना सांगायला स्वतः निघाल्या. लिफ्टने.

पाच मिनिटांनी काकांचा मोबाईल वाजला.

"काका, मी अडकलेय! तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये! आठ वेळा ॲपमधलं तक्रारीचं बटण दाबलं!"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. "पण मॅडम, तुमची तक्रारच आलेली नाही."

"मग मी काय इथे हवा खायला उभी आहे?"

काकांनी घाईघाईने चुकांची यादी उघडली. ती सकाळपासून उघडायचं त्यांना सुचलंच नव्हतं. लाल, लाल, नुसती लाल! एक्केचाळीस तक्रारी बाहेरच तिष्ठत उभ्या होत्या. फोनवर तक्रारी घेणं मॅडमनीच बंद केलं होतं. म्हणजे सगळं शहर सकाळपासून जिने चढत होतं!

"बोल्ट, पळ! मॅडम लिफ्टमध्ये अडकल्यात!"

बोल्ट उठला आणि पुन्हा बसला. "तक्रार क्रमांक?"

"अरे, कसला क्रमांक घेऊन बसलास!"

"मॅडमचाच नियम आहे. क्रमांकाशिवाय हत्यार उचलायचं नाही. मागच्याच महिन्यात माझ्याकडून लेखी माफी घेतलीय!"

"काका, करा की परत जुना मोड!" ताई ओरडल्या. "एकच क्लिक!"

"जुना करा! आत्ताच्या आत्ता!" फोनमधून मॅडम गरजल्या. "आणि मग गोदामाची किल्ली घ्या!"

काकांचं बोट 'जुना'वर गेलं. दाबणार, तेवढ्यात त्यांची नजर पहिल्या लाल ओळीवर पडली: ओळ दोनशे चौदा, 'मेकॅनिक' हे नाव आधी जाहीर केलेलं नाही.

काका थांबले. जुना मोड मुलखाचा भिडस्त. नाव जाहीर न करता वापरलं तरी तो चालवून घ्यायचा, आणि आधीच्या तक्रारीचा मेकॅनिक त्यात तसाच उरलेला असायचा. म्हणजे ज्या इमारतीला कुणी नेमलेलंच नाही, तिची तक्रार त्या आधीच्या माणसाच्या गळ्यात! सगळ्यात जुन्या, म्हणून सारख्या बिघडणाऱ्या लिफ्ट बोल्टच्या भागात. त्यामुळे आधीचा माणूस बहुतेक वेळा बोल्टच!

"बोल्ट," काका हळूच म्हणाले, "अकरा वर्षं तू खरं बोलत होतास रे."

"मग मी काय सांगत होतो!" बोल्ट टेबलावर चढायचाच बाकी राहिला. "कुणी लिहिली ती ओळ? नाव सांगा त्याचं!"

"ते नंतर बघू," काका म्हणाले. "मॅडम, पाच मिनिटं!"

"पाच? मी इथे..."

काकांनी फोन पालथा ठेवला. आधी त्या ओळीत 'मेकॅनिक' हे नाव रीतसर जाहीर केलं. मग प्रश्न आला: तक्रार आली की ॲप लोकांना मेकॅनिकचा फोन नंबर देतं, पण ज्या इमारतीला मेकॅनिकच नाही, तिथल्या लोकांना कुणाचा द्यायचा? विचार करायला वेळ कुठे होता! काकांनी स्वतःचा नंबर ठोकला आणि बटण दाबलं. मोड नवाच!

एक्केचाळीस तक्रारी धडाधड आत आल्या. ज्याची त्याला गेली. शेवटची मॅडमची, ती आली काकांच्याच नंबरवर. कंपनीच्या स्वतःच्या लिफ्टला मेकॅनिक नेमायचं अकरा वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं!

"घे क्रमांक!" काका गरजले. बोल्ट हत्यारांची पेटी घेऊन सुटला.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा केस विस्कटलेले होते आणि चेहरा तापलेल्या मोटरसारखा. काकांनी दोनशे चौदावी ओळ समजावून सांगितली.

"म्हणजे जुना मोड चूक लपवत होता आणि नव्याने ती पकडली?"

"हो, मॅडम."

"मग नवाच ठेवा. आणि काका, ती खुर्ची सोडायची नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात बोल्टने वाजवल्या.

संध्याकाळी काका शीळ घालतच घरी आले. भाताचा कुकर लावला आणि फोन वाजला. नंबर अनोळखी. बातमी बाहेरपर्यंत पोचली म्हणायची!

"धन्यवाद, धन्यवाद!" काका म्हणाले. "अहो, त्यात माझं विशेष काही नाही!"

"धन्यवाद कसले? मी पाचव्या मजल्यावर लिफ्टमध्ये अडकलोय! ॲपने तुमचा नंबर दिलाय!"

काकांनी कपाळावर हात मारला. तो नंबर बदलायचा राहूनच गेला होता! त्यांनी बोल्टला निरोप धाडला, गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढून बसले.

"माणूस निघालाय, अर्ध्या तासात पोचेल. घाबरू नका," ते म्हणाले. "तोवर बोलत राहा. मला काही घाई नाही."