गफूरभाई आणि माझी विलायती ऐरण

गफूरभाई कुणाच्याही दारावरची बेल वाजवत नाहीत. खिशातून वीतभर हातोडी काढतात आणि कडीवर ठोकतात. टक, टक, ठण्ण! दोन हळू, एक जोरात. दारच कशाला, टरबूज, कुकर, एसटीचा पत्रा, शेजारच्या जावयाची नवी मोटरसायकल, जे समोर येईल त्याला ते हेच तीन ठोके देतात, कान लावतात आणि निकाल सांगतात. माझ्या नव्या कपाटाला ठोकून त्यांनी विचारलं होतं, "सर, याच्यात लोखंड कुठी ठेवलं जी?"

पांढरकवड्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याआधी घराण्याची लोहारभट्टी होती, एवढंच मला ठाऊक होतं.

मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. निवृत्त मास्तराला वर्ग उरत नाही, म्हणून तो जुन्या वस्तू गोळा करतो आणि पाहुण्यांना पकडतो. गेल्या महिन्यात उमरखेडला लग्नाला गेलो होतो. परतताना भंगाराच्या दुकानात एक ऐरण दिसली. अंगावर छिन्नीने मारलेले दोन खोल ठिपके. पाहताक्षणी ओळखलं, विलायती माल! ती एसटीत चढवायला चार माणसं लागली. कंडक्टर म्हणाला, "काका, पोरीवाल्यायनं आहेरात एवढंच देल्लं काय?"

दोन ठिपक्यांतला एक गोल, सुबक होता. तो कारखान्याचा शिक्का, असं मी ठरवलं. दुसरा वेडावाकडा, म्हणजे डाग. घरी आल्यावर तो रंगाऱ्याकडची लांबी भरून बुजवला आणि ऐरणीला चकचकीत काळा रंग दिला. पुढचे आठ दिवस, इंग्रज फौजेच्या तोफगाड्या हिच्यावरच दुरुस्त होत, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. फक्त जाणकाराचा दुजोरा बाकी होता. गफूरभाईंना चहाला बोलावलं.

टक, टक, ठण्ण. त्यांनी कान लावला.

"इंग्रजायची हाय ना?" मी विचारलं.

"हे तं राजूरच्या खाणीतल्या मोडक्या मशीनचा तुकडा हाय, सर."

"आणि तोफा?"

"कायच्या तोफा? वखराच्या पासा! इथं पाहा, कड कशी खोलगट झाली."

नांगरटीनंतर ढेकळं फोडणाऱ्या वखराच्या पात्याला, म्हणजे पासेला, धार लावायची ऐरण! माझ्या तोफा थेट शेतात रुतल्या. बायको पदर तोंडाला लावून आत पळाली.

"डाव्या अंगाले झिजली," गफूरभाई म्हणाले. "मारनारा डावखुरा..."

त्यांची बोटं रंगावरून फिरत गोल ठिपक्यापाशी आली. मग त्याच्या शेजारी नखाने खरवडू लागली. लांबी निघून पडली.

"हे कोनं बुजवलं?"

"मीच. डाग होता."

"डाग नाही, सर. थो मी हाव."

ते खाली बसले.

"गोल ठिपका माह्या मोठ्या भावाचा, डावखुऱ्या भाईजानचा. वाकडा माहा. अब्बानं ऐरन बनवली तवा दोघायले एकेक मारू देल्ला. मी सात वर्साचा होतो, छिन्नी घसरली. अब्बाले घन मारायले कोनी पाह्यजे असलं की थे ऐरनीवर ठोकत. दोन हळू, एक जोरात. आमी असू तिथून धावत येत होतो. मंग आमीबी तसंच ठोकत होतो." मग म्हणाले, "अब्बा गेल्यावर हिच्यावरूनच भांडलो. भाईजान हिले घेऊन उमरखेडले गेला. अठरा वर्सं झाले, बोललो नाही. पन थो हिले भंगारात नाही टाकनार. जिता असन तं नाही. तुमी इचारलं काय, कोनं आनून देल्ली?"

मी विचारलं नव्हतं. इतिहासाचा मास्तर मी! शोध घेत थेट इंग्रजांपर्यंत गेलो, पण ही दुकानात आली कुठून, हे भंगारवाल्याला विचारायचं राहिलं होतं.

दुकानाचा नंबर मोबाईलमध्ये होता. फोन लावला, आवाज मोठा केला आणि ऐरणीच्या डावखुऱ्या मिस्त्रींबद्दल विचारलं.

"डावखुरे मिस्त्री?" भंगारवाला म्हणाला. "हायेत ना! हात कापतेत आता, काम बंद झालं. त्यायच्या पोरानं आनून टाकली ऐरन. चाचा रोज येऊन इचारतेत, कोन नेली म्हून. हे काय, बसूनच हायेत. देऊ काय फोन?"

मी फोन गफूरभाईंसमोर धरला.

"कोन हाय?" पलीकडून खोकत कुणीतरी विचारलं.

गफूरभाईंनी हातोडी उचलली. टक, टक, ठण्ण.

पलीकडचा खोकला थांबला.

मग थरथरता आवाज आला, "गफ्फू, तिसरा ठोका अजूनबी तिरपाच मारतं काय बे?"

सगळ्या गावाच्या लोखंडाला नावं ठेवणाऱ्या गफूरभाईंनी मान खाली घातली.

"हव, भाईजान."