बर्वेकाकांवरचा महाभियोग

बर्वेकाकूंनी दुधी आणला की बर्वेकाका त्यावर लेखी व्हेटो काढत. फ्रिजवर चिठ्ठी लागायची : 'विधेयक परत. कारण : परवाच झाला.' खाली सही, राष्ट्राध्यक्ष. मग काकू एडिनबराला मुलीला, मुक्ताला, फोन लावत. काकू म्हणजे प्रतिनिधिगृह, मुक्ता म्हणजे सिनेट. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली की राष्ट्राध्यक्षांचा नकार रद्द. सदस्य एकेकच असल्यामुळे मोजणी झटपट व्हायची, आणि काका निमूटपणे दुधी खायचे.

मँचेस्टरमध्ये जन्म काढलेला हा माणूस अमेरिकेला कधीही गेला नाही. पण ब्रिटनची राज्यघटना एका पुस्तकात सापडत नाही, याचा त्यांना मनापासून राग, म्हणून घरात अमेरिकेची लागू. "इथे सगळं रीतीवर चालतं रे. तिकडे बघ, प्रत्येकाच्या मानेवर दुसऱ्याचा हात. आणि लेखी!" नोकरी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, बांधकाम-परवान्यांच्या ऑफिसात झालेली. कागदावर नसलेली भिंत त्यांना दिसायची नाही.

शेजारी म्हणून मी सुप्रीम कोर्ट. राष्ट्राध्यक्षांनी नेमलं, सिनेटने फोनवर मान्यता दिली, नेमणूक तहहयात. काका मला 'न्यायमूर्ती' म्हणत. कोर्ट आपणहून बोलत नाही, कुणी दारात फिर्याद आणली तरच बोलतं. हा नियम माझ्या स्वभावाला फार मानवला. फिर्याद आली तरी मी बहुधा टाळायचो. हीटिंग किती डिग्रीवर ठेवावं, हा माझा एकमेव निकाल.

मागच्या वर्षी काकूंनी विधेयक आणलं : नाशिकला बहिणीकडे महिनाभर जायचं. त्यांचं हृदय अधू, प्रवास लांबचा. काकांनी व्हेटो काढला. या वेळी सिनेटने साथ सोडली. मुक्ता म्हणाली, बाबांचं बरोबर आहे, उन्हाळ्यानंतर बघू. तेव्हा काकू माझ्याकडे आल्या.

"डॉक्टर जा म्हणतायत रे. तू सांगितलंस तर ऐकतील ते."

ऐकतील, हे मलाही ठाऊक होतं. पण काकांशी वाईटपणा नको होता. मी हसून म्हणालो, राजकीय प्रश्नात कोर्ट पडत नाही. काकूही हसल्या आणि कोटाची बटणं लावत परत गेल्या.

उन्हाळा संपायच्या आत त्या वारल्या. त्या माझ्याकडे आल्या होत्या, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी काका टाय लावून दारात उभे. हातात टाइप केलेला कागद. राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग, आरोप एकच : नाशिक. आरोप ठेवायला प्रतिनिधिगृह उरलेलं नाही, म्हणून तो आपणच ठेवलाय, ही त्रुटी नोंदवून घ्यावी, असं त्यांनी बजावलं. खटला सिनेटपुढे, म्हणजे मुक्तापुढे, फोनवर. पण राष्ट्राध्यक्षांवरच्या खटल्यात अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश लागतो. ते मी.

मी म्हटलं, काका, तुमची काय चूक?

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मुक्ता हेच म्हणते, इथल्या मराठी मंडळातले हेच म्हणतात, ऐकून कान किटले होते त्यांचे.

"ती तुझ्याकडे दाद मागणार होती. तसं म्हणाली होती मला. मग आलीच नाही. माझ्यापुढे हरली रे ती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेच सलतं."

या वेळी गप्प बसायचं नाही, असं मी ठरवलं. कागद त्यांच्या हातात परत दिला.

"मी अध्यक्षस्थानी बसू शकत नाही, काका. त्या आल्या होत्या. मीच त्यांना परत पाठवलं. तुम्ही चुकलात. आणि तुम्हाला अडवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही."

 आता काका पाठ फिरवून जाणार आणि पुन्हा कधी येणार नाहीत, असं मला वाटलं. त्यांनी टाय सैल केला आणि आत येऊन खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे ऐकलं नाही तिने माझं."

"नाही ऐकलं."

"पहिल्यापासून सांग. बेल वाजवली होती?"

"वाजवली ना. दोनदा."

काकांनी मान हलवली. "दोनदाच वाजवायची ती."