चक्रचेंडू सुरू करू इच्छिणाऱ्या शाळा व क्लबांसाठी

चक्रचेंडू हा खेळ आपल्या शाळेत किंवा क्लबात सुरू करायचा विचार असेल, तर सर्वप्रथम म्हैसुरी फेट्यांचा पुरेसा साठा करावा. चेंडू मागाहून घेतला तरी चालतो. फेटा कपाळावरून भुवयांच्या खाली उतरणारा असावा. डोक्यावर नीट बसणारा फेटा या खेळात बाद धरला जातो. हे मी अधिकाराने सांगतो, कारण जिल्हा चक्रचेंडू संघटनेचा सरचिटणीस मीच आहे. माझं नाव रुद्रप्पा कोटगी. सरचिटणीस होण्याआधी मी हिरेकोप्पातल्या यच्चयावत समारंभांचं निवेदन करत असे. माझ्या आवाजाशिवाय गावात साधी पाणपोईसुद्धा सुरू झालेली नाही.

खेळ मुळात आणला आमच्या सरकारी शाळेच्या होंबळसरांनी. सरकारदरबारी त्यांना अतिथी शिक्षक म्हणतात. अतिथी असूनही त्यांना आजवर कुणी शाल घातलेली नाही, आणि आपण नोकरीत आहोत की नाही हे त्यांना दरवर्षी जूनमध्ये कळतं. कबड्डी असो, खो-खो असो, तालुक्याच्या मोठ्या शाळा आमच्या मुलींना पहिल्याच फेरीत घरी पाठवत. म्हणून होंबळसरांनी कुठल्याशा शिबिरात पाहिलेला हा नवा खेळ उचलला. सायकलची रिम बांबूच्या टोकाला आडवी बांधायची, बांबू मैदानात पुरायचा, आणि सात-सात जणींनी चेंडू झेलत-फेकत नेऊन त्या कड्यात टाकायचा. एवढंच. इतका साधा खेळ की त्यात समिती नेमायलाही जागा नव्हती.

सातवीतली निंगव्वा या खेळात सगळ्यांत पुढे होती. तिचा नेम असा, की चिंचा पाडायला पोरं तिला बोलावून नेत आणि दाखवली तीच चिंच खाली येई.

"कोटगीसर," होंबळसर मला म्हणाले होते, "ही पोरगी एकदा जिल्ह्याला खेळू दे. क्रीडा वसतिगृहवाले तिला डोळे झाकून घेतील. नाहीतर पुढच्या वर्षी आईबरोबर गौडांकडे मिरच्यांची देठं खुडत बसणार ती."

अडचण मैदानाची होती. मैदान शाळेचं, पण त्यावरच्या मिरच्या यल्लनगौडांच्या. ब्याडगीच्या बाजारात जायच्या आधी त्या आमच्या शाळेत वाळत. डिसेंबर लागला की मैदान लालभडक होई आणि पोरं प्रार्थना शिंकत म्हणत. यल्लनगौडा बाजार समितीचे अध्यक्ष. मिरच्या उचला, असं त्यांना सांगणारा माणूस गावात अजून जन्मायचा होता.

मी तोड काढली. "त्यांना सांगायचं नाही, सर. त्यांना बोलवायचं. उद्घाटनाला."

गौडा आनंदाने आले. निम्मं मैदान झाडून दिलं, उरलेल्या निम्म्यावर मिरच्यांचे ढीग ठेवले. प्रार्थनागीत झालं, कुंडीतल्या रोपाला पाणी घालून झालं, माझं प्रास्ताविक झालं. होंबळसर कानाशी येऊन कुजबुजले, "चेंडू आधी टाकून घेऊ या का? सत्कार मागनं करू."

मी फेट्याचं तबक मागवलं. सत्काराआधी पाहुण्याला कामाला लावणारं गाव या मुलखात कुठे असेल तर मला ठाऊक नाही. आम्ही रीतसर फेटा बांधला, शाल पांघरली, चंदनाचा हार घातला, फळांची करंडी दिली. एवढं झाल्यावर गौडांच्या हाती चेंडू ठेवला. फेटा नाकाच्या शेंड्यावर आला होता, दोन्ही हात शालीत गुंतले होते आणि करंडी काखेत होती. फेटा जरा वर सरकवा, असं म्हणणं म्हणजे दिलेला मान परत मागणं. गौडांनी तशाच अवस्थेत चेंडू फेकला. तो आत्ताच पाणी घातलेल्या कुंडीवर आदळला आणि रोप आडवं झालं.

"पडला का आत?" गौडांनी विचारलं.

ध्वनिक्षेपक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "परंपरेनुसार पहिला चेंडू वृक्षदेवतेला अर्पण झालेला आहे. आता मुख्य चेंडू." मग ध्वनिक्षेपक बंद करून दोन शिक्षकांना म्हणालो, "बांबू उपटा."

दुसरा चेंडू मुख्याध्यापकांच्या मोटारसायकलच्या दिशेने गेला. पण तो तिथे पोचण्याआधी दोन शिक्षक बांबू घेऊन तिथे पोचले होते. चेंडू कड्यातून अलगद खाली पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"खेळ चांगला आहे की हो," गौडा म्हणाले. "उगाच म्हणतात खेळाला तालीम लागते." आणि सामने असतील तेव्हा निम्मं मैदान मोकळं ठेवायचं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

होंबळसर बांबू पुन्हा पुरायला निघाले. मी त्यांना थांबवलं. पुढच्या आठवड्यात तहसीलदार येणार होते.

त्यानंतर जे झालं ते मी केलं असं म्हणणार नाही. ते आपोआप होत गेलं. तहसीलदारांच्या चेंडूला दोन कडी धावली, कारण एक कडं पुरेल याची खात्री नव्हती. चेंडू ज्या कड्यात पडला, त्या कड्यावाल्या मास्तरांची रजा तिथेच मंजूर झाली. दुसऱ्या कड्याचे मास्तर चिडले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सराव करू लागले. स्पर्धा म्हणतात ती हीच. आम्ही नियम लिहून काढले. चेंडू पाहुण्यांनीच टाकायचा. टाकणाऱ्याला कडं दिसता कामा नये. पाहुण्यांचा चेंडू चुकत नाही, कडं चुकतं. चुकलेलं कडं बाद.

एका दुपारी होंबळसर नियमावली घेऊन माझ्या घरी आले. बायकोने चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी पुढे ठेवली, सरांनी कशालाच हात लावला नाही.

"यात मुलींनी चेंडू कधी टाकायचा?"

"आधी पाहुण्यांचं होऊ दे."

"पाहुणे तर वाढतच चाललेत, सर. परवा सात होते. मुली तीन तास उभ्या होत्या, आणि निंगव्वाला तुम्ही पाणी वाटायला ठेवलंत."

"कडं धरायला दिलं होतं की तिला. पाहुण्यांकडे बघतच नाही ती. सारखी कड्याकडे बघते. या खेळाचं अंगच नाही तिला."

होंबळसर उठून गेले. भजी मी खाल्ली.

खेळ मात्र वणव्यासारखा पसरला. इतर खेळांचं काय होतं, की माणसं ते लहानपणी शिकतात आणि मोठेपणी विसरतात. चक्रचेंडूचं उलट आहे. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांच्या क्लबाने संघ काढला. वखारीपासून घरापर्यंत चालत न जाणारी माणसं धोतर खोचून धावू लागली. अधिकाऱ्यांच्या क्लबाला तर सरावच लागला नाही. मोठ्या शाळांनी प्रशिक्षक नेमले, तेही निवडून: मंत्र्यांचे निवृत्त स्वीय सहायक. साहेबांचा खांदा हलण्याआधी चेंडू कुठे जाणार हे त्यांना कळतं. एकाने तर मुलांना पहिले दोन महिने चेंडू दाखवलाच नाही, नुसते साहेबांचे फोटो दाखवले. त्याचा संघ जिल्ह्यात अजिंक्य राहिला. खेळता न येणारी, पण वर्गात मॉनिटर असणारी मुलं रातोरात नावारूपाला आली.

जिल्हा अंतिम सामना हिरेकोप्पातच ठेवला. स्वतः मंत्री येणार होते, आणि क्रीडा वसतिगृहाचे निवड अधिकारीही. होंबळसर पंच होते, कारण शिट्टी वाजवायची पदवी गावात त्यांच्याकडेच होती. जूनच्या नेमणुकीचा कागद शिफारशीच्या सहीसाठी गौडांच्या खिशात होता, हेही त्यांना माहीत होतं. निंगव्वा मंडपाच्या मागे पाण्याच्या घागरीजवळ उभी होती.

मंत्र्यांना अकरा शाली पडल्या. फेटा हनुवटीपर्यंत आला. त्यांनी चेंडू उचलला, हात मागे नेला, आणि नेमका तेव्हाच मिरच्यांच्या ढिगावरून वारा आला. मंत्री शिंकले. असे शिंकले की चेंडू पुढे जाण्याऐवजी मागे, मंडपावरून पार पलीकडे गेला. कुठल्याही स्वीय सहायकाच्या अनुभवात हे नव्हतं. दोन्ही संघ उलटे वळून धावले, एकमेकांवर आपटले आणि शालींसारखे घडी होऊन पडले. एक बांबू मात्र दूर मैदानाच्या टोकाला एका मुलाच्या हातात तसाच उभा राहिला, कारण त्या मुलाला काय करावं ते सुचलं नव्हतं.

चेंडू घागरीपाशी थांबला होता. निंगव्वाने तो उचलला, ओले हात परकराला पुसले, आणि मंडपावरून, मंत्र्यांवरून, पडलेल्या दोन्ही संघांवरून फेकला. तो त्या दूरच्या कड्यात पडला. कड्याला शिवलासुद्धा नाही. मी खोटं बोलणार नाही, माझ्या अंगावर काटा आला.

मैदानात कुणी श्वास घेत नव्हतं. मंत्र्यांनी फेटा बोटाने वर केला. "कुणी टाकला?"

मी ध्वनिक्षेपकावर म्हणालो, "माननीय मंत्रिमहोदयांनी."

"मी? मी तर शिंकत होतो हो."

"शिंकता शिंकता टाकलात, साहेब. म्हणून तर एवढी शांतता पसरली."

मंत्र्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. त्यांना पटत चाललं होतं. तेवढ्यात गौडांनी खिलाडूवृत्ती दाखवली. "पंचांनाच विचारू की. काय होंबळसर, कुणी टाकला चेंडू?" असं म्हणताना त्यांनी खिशावर हात ठेवला.

होंबळसरांनी तोंडातली शिट्टी काढली. मंडपाच्या कडेला येऊन निंगव्वा त्यांच्याकडे बघत होती.

"निंगव्वानं," ते म्हणाले. "तिकडनं. सगळ्यांनी पाहिलंय."

"कुणी पाहिलंय?" गौडांनी जमावाला विचारलं. अख्खं हिरेकोप्प तिथे होतं. अख्खं हिरेकोप्प मिरच्यांच्या ढिगांकडे बघू लागलं. निवड अधिकारी बुटाची नाडी बांधू लागले. मग गौडांची नजर ढिगाशी बसलेल्या बायकांवर गेली. "गिरिजव्वा, तू तर तिची आई. सांग बघू, तुझ्या पोरीनं टाकला?"

गिरिजव्वा उठली. तिने पोरीकडे पाहिलं, गौडांकडे पाहिलं, आणि देठं खुडून लाल झालेली बोटं पदराला पुसली.

"डोळ्यात मिरची गेली होती, मालक. काही दिसलं नाही."

सर्वोत्कृष्ट खेळाडूचं पदक मंत्र्यांना मिळालं. ते त्यांनी नम्रपणे स्वीकारलं आणि यश आपल्या शालेय शिक्षकांना अर्पण केलं. जूनमध्ये होंबळसरांची नेमणूक झाली नाही. आता ते कुठेतरी राणेबेन्नूरकडे खताच्या दुकानात असतात. निंगव्वा शाळेच्या मैदानावरच असते, आईशेजारी, देठं खुडत. परवा मी तिथून जात होतो, तर तिने एक देठ लांबच्या टोपलीत टाकलं. बसल्या जागेवरून, न बघता. मला वाईट वाटलं. पण मी सरचिटणीस आहे. मला राज्य संघटनेच्या बैठकीला पोचायचं होतं.

तर, ज्या शाळांना व क्लबांना हा खेळ सुरू करायचा आहे, त्यांनी मैदानाची काळजी करू नये. ते नसलं तरी चालतं. खेळाडूंची तर अजिबात करू नये. प्रवेशासाठी आम्ही एकच प्रश्न विचारतो. हे सगळं आपण इथवर वाचलंत, तेव्हा आपल्यालाही विचारतो: अंतिम सामन्यातला तो चेंडू कुणी टाकला?

उत्तर ओठांवर आलेलं असतानाही, विचारणारा कोण आहे ते आधी बघू, असं आपल्या मनात आलं असेल, तर आपल्याला सरावाची गरज नाही. आपलं नाव संघात घातलं आहे.