गुड्डूचे शेवटचे शब्द

आमच्या नागरा गावात एखादी वस्तू हरवली की लोक आधी महादेवाला नवस बोलतात आणि मग मला बोलावतात. महादेव वेळ घेतो, मी त्याच दिवशी गोंधळ घालतो, असं माझा साळा हिमांशू म्हणतो. तो माझा सहायक आहे, त्यामुळे त्याच्या मताचा विचार करण्याची गरज नाही. माझं नाव उदेलाल बिसेन, खाजगी गुप्तहेर. नजर घारीची, नाक मुंगसाचं, आणि डोकं... ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

परवा शेजारच्या शामकलाबाईंनी बोलावलं. दारात मांडव होता, संध्याकाळी त्यांच्या लेकीची, दामिनीची, हळद होती आणि शामकलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"भाऊ, मायी माय मांगच्या साली गेली ना. दामिनीले म्हणे, तुया हळदीले गाणं मीच म्हणीन. म्हणून तिचा आवाज कंप्युटरात भरून ठेवला होता. आता तो दिसतच नाई."

"कंप्युटरला शेवटचा हात कोणी लावला?"

"चौकातल्या कंप्युटरवाल्या गुड्डूनं. लय हळू चालून राहिला होता, तं त्यानं काल नवीन विंडो मारून देली."

मी हिमांशूकडे सूचक पाहिलं. विंडो नवीन, म्हणजे चोर खिडकीतून आला. मी घरातल्या सगळ्या खिडक्या तपासल्या. एकीच्या चौकटीवर पायाचे ठसे मिळाले. ते कोंबडीचे निघाले, पण कोंबडी एकटीच होती हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मग गुड्डूला फोन लावला. तो सासुरवाडीला, सालेकशाच्या जंगलात मोहफुलं वेचत होता. "दीदी को बोलो टेंशन मत लो," खरखरीतून आवाज आला, "सब सेफ है. सी... डी में..." आणि रेंज गेली.

मरताना माणूस खोटं बोलत नाही, रेंज जातानाही नाही. "सीडी," मी जाहीर केलं.

परसातल्या टमाटरांवर पाखरं बसू नयेत म्हणून एक सीडी टांगली होती. ती सोडवली, धुतली आणि शेजाऱ्याच्या जुन्या प्लेयरात घातली. सगळे हात जोडून बसलो. शेळ्यांना जंत झाले तर काय करावं, हे सविस्तर ऐकलं. माहिती उपयोगी होती, पण तेवढ्यात पाखरांनी टमाटरं उरकली.

दामिनी दोन्ही हातांना मेंदी लावून बसली होती. "काकाजी, माया ऐका ना..."

"नवरीनं हळदीच्या दिवशी तपासात पडू नये," मी म्हणालो. असा रिवाज नाही, पण असायला हवा.

आणि माझी ट्यूब पेटली. गुड्डू हिंदीत बोलला होता. म्हणजे सीडी नव्हे, सीढी, आपली शिडी. मांडवाची सीढी ओढून मी माळ्यावर चढलो आणि प्रत्येक पोत्याला कान लावून बघितला. लसूण काही बोलेना.

"राहू द्या भाऊ," खालून शामकलाबाई म्हणाल्या. "नशिबात नसन." मी लसणाच्या पोत्याला पुन्हा एकदा कान लावला.

तेवढ्यात खालून दुसराच आवाज आला. म्हातारा, खोकणारा. "अवं शामे, बटन दाबली का? चालू झाला का तुया डबडा?"

"हो माय, झाला," शामकलाबाई म्हणाल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. गाणं सुरू झालं.

मेंदी बिघडू नये म्हणून दामिनीनं कोपरानं माऊस चालवला होता. "काकाजी," तिनं खालून सांगितलं, "नवीन विंडो टाकली का सी ड्राइव्हमधलं सप्पा पुसून जाते. म्हणून गुड्डूभाऊनं पहिलेच आपल्या फाइली सीमधून डीमध्ये टाकून ठेवल्या. डी बाजूलेच तं होता."

"मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय?" मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही. खाली बाया म्हातारीच्या मागोमाग गाऊ लागल्या होत्या आणि दामिनीच्या गालाला पहिली हळद लागत होती. सत्कार स्वीकारायला मी पाय खाली सोडला.

सी सापडला होता, डी सापडला होता. सीढी हिमांशूनं मांडवाला तोरण बांधायला नेली होती.