ग्रिगोरीकाका आणि आईचा चेहरा

ग्रिगोरीकाकांसमोर कुणी हसलं की ते ब्रश खाली ठेवत. "दात डेंटिस्टला दाखवा," म्हणत आणि समोरच्याचं तोंड मिटेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसत.

२००५ साली अमेरिकेतल्या श्रूजबरीत आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये हे रशियन चित्रकार राहायचे. सत्तरीचे, एकटे, स्वेटरला कायम रंग लागलेला. मायदेशी होते तोवर कारखान्यांच्या डायरेक्टरांची पोर्ट्रेट्स काढली. प्रत्येक साहेब ताजातवाना दिसलाच पाहिजे, अशी वरून ऑर्डर. "जन्मभर खोटे गाल रंगवले," ते म्हणायचे. अमेरिकेत येऊन शपथ घेतली, आता जे दिसेल तेच काढायचं. त्या शपथेपायी इथे काम मिळेना. रिटायर होणाऱ्या एका बँकवाल्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या इतक्या इमानदारीने काढल्या की चित्र बघून बायकोने त्याला आधी डॉक्टरकडे नेलं. चित्र परत आलं. काकांना वाटलं, हीच खरी दाद!

मी भेटलो की गुड मॉर्निंग नाही, काही नाही; माझी हनुवटी धरून उजेडाकडे फिरवायचे. "तू झोपत नाहीस. छान. डोळ्यांखाली ग्रे सुंदर आलाय." रात्री पुण्याच्या टीमचे कॉल, दिवसा इथला मॅनेजर. झोपणार कधी, माझं कपाळ!

त्या उन्हाळ्यात आई आली. "गुडघे साथ देत नाहीत बाबा, ही माझी शेवटची खेप," असं तिने एअरपोर्टवरच जाहीर करून टाकलं. काकांनी तिला जिन्यात पाहिलं आणि माझा दंडच धरला. "हा चेहरा मला पाहिजे." मलाही पाहिजेच होता. आई परत येणार नसेल तर निदान भिंतीवर तरी राहू दे, असं वाटलं.

मग मी आणि बायको ऑफिसला गेलो की आई खाली जायची. रिकाम्या हातांनी बसणं तिच्या रक्तात नाही, म्हणून मांडीवर मेथीची जुडी, नाहीतर वातींचा कापूस. ती मराठीत बोलायची, ते रशियनमध्ये. "गिरीशभाऊंना भेंडी आवडते हो," असल्या बातम्या मला संध्याकाळी मिळायच्या; ग्रिगोरीचा तिने गिरीश करून टाकला होता. कसं कळायचं कुणास ठाऊक.

चित्र मात्र पुढे सरकेना. साडी झाली, हात झाले, मेथीचं पान न् पान झालं. चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी डाग. काढायचे आणि सुरीने खरवडून टाकायचे. विचारलं की ठरलेलं उत्तर, "नॉट फिनिश्ड." उन्हाळा संपला, झाडांची पानं गळली, तरी नॉट फिनिश्ड. मी तर हातच टेकले.

आई निघायच्या आदल्या दिवशी शनिवार होता. मी तिच्याबरोबर खाली गेलो. "काका, उद्या फ्लाइट आहे तिची. आज नाही झालं तर कधीच नाही होणार."

ते आईकडे बघत राहिले, मग ब्रश उचलला. आणि तासाभरात चेहरा पुरा केला. तासाभरात! आई होती तशी उतरली होती. दमलेली, पापण्या मेथीकडे झुकलेल्या, पण बोलता बोलता जराशी थांबलेली. काका आमच्याकडे पाठ करून ब्रश धूत होते.

"फिनिश्ड," म्हणाले. वळले नाहीत.

ओलं चित्र दोन्ही हातांनी सांभाळत मी जिना चढू लागलो, आणि माझं टाळकं सरकलं. "बघितलंस? लबाड म्हातारा! तासाभराचं काम. तू रोज खाली यावंस म्हणून मुद्दाम पुसत होता."

"माहितेय मला. माझ्यासमोरच तर पुसायचे."

"मग बोलली का नाहीस?"

आई कठड्याला धरून थांबली. गुडघा चोळला.

"तुम्ही दोघं दमून येता, जेवता, झोपता. तुमचं काही चुकत नाही रे. पण तिथं दिवसभर कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघत होतं."