मन्मथअप्पांचं वायरिंग

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा अंडं खात नाहीत; अंड्याशी बोलतात. सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली, कपाळावर भस्माचे पट्टे ओढले, की ते मागच्या खोलीत जातात. थर्माकोलच्या पेटीत बल्बच्या उबेला ठेवलेलं एक अंडं उचलतात, मोबाइलच्या टॉर्चवर धरतात आणि दरडावून विचारतात, "काय रे, आली का लाइन?"

बाळांनो, तुम्ही गेल्या खेपेला नांदेडला आलात तेव्हा हे गृहस्थ नुसतेच खडूस होते. अंड्यांचं नंतर सुरू झालं.

अप्पा मूळचे उदगीरकडचे. सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. त्यामुळे जगातल्या कोणत्याही बिघाडाला त्यांचा एकच प्रश्न असतो: "वायरिंग कुणी केलं?" नळाला पाणी आलं नाही, भाजी खारट झाली, सरकार पडलं, तरी हाच प्रश्न. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक राजश्री. तिनं रेणापूरच्या दत्ताशी लग्न केलं तेव्हाही अप्पांनी हेच विचारलं आणि बोलणं टाकलं. जातीचं त्यांनी एक वेळ गिळलंही असतं. पण दत्ताची पोल्ट्री होती. "ज्या घरात अंडं शिरलं न्हाई, त्या घरची पोर कोंबड्यात नांदणार? मी त्या घरचं पाणीसुद्धा पिणार न्हाई."

राजश्रीचे, म्हणजे आमच्या राजूचे, फोन मग माझ्याकडे येऊ लागले. तिला दिवस गेल्याचं मीच अप्पांना सांगितलं. ते पेपर वाचत होते, मान वर केली नाही. मी म्हटलं, "डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. हृदयाचे ठोके दिसले म्हणे."

पेपर खाली आला. "इतक्यात? अजून मेंदूकडनं नसा पोचल्या नसतील की! कनेक्शन न्हाई अन् मशीन चालू? वायरिंग कुणी केलं?"

इथून पुढे आमच्या गल्लीची शांतता गेली. अप्पांनी कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला गाठून इतकं पिडलं, की तो रस्ता बदलून जाऊ लागला. पण माहिती खरी निघाली. हृदय आपलं आपण धडधडायला लागतं, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही. मज्जातंतू नंतर येतात, पार पाठीच्या कण्याजवळून, चाचपडत. मुंगीनं मिशा हलवाव्यात तसं त्यांचं टोक पुढचं चाचपून बघतं. हृदयावरच्या अशुद्ध रक्ताच्या शिरा एक द्रव्य सोडतात, त्याच्या ओढीनं तंतू त्यांच्या कडेकडेनं पसरतात. मग त्या शिरा गप्प होतात, शुद्ध रक्ताच्या वाहिन्या बोलवायला लागतात आणि तंतू आत खोल शिरतात.

"म्हंजे बघा अक्का," अप्पा मला समजावत, "पहिल्या लाइनीचा सिग्नल बंद झाला, की दुसरीचा मिळतो. अन् केबिनमध्ये माणूसच न्हाई! आमच्या खात्यात असं झालं असतं तर चौकशी बसली असती."

हे प्रत्यक्ष बघायचं तर अंड्यात, असं प्राध्यापक बोलून गेला. अप्पांनी जन्मात पहिल्यांदा दुकानातून अंडी आणली. तीही तोंडाला रुमाल बांधून. चांगली उबेला ठेवली, रोज दटावली. एके दिवशी अख्खी गल्ली नाक धरून बाहेर आली. अंडीवाला हसून लोळायचा बाकी राहिला. "साहेब, दुकानच्या अंड्याला कोंबडा लागलेला नस्तो!" शुद्ध शाकाहारी घरात हे कुणाला ठाऊक असणार?

मी राजूला फोनवर हा किस्सा सांगितला. त्याच आठवड्यात रेणापूरहून एसटीच्या पार्सलनं एक खोकं आलं. भुश्शात नीट बसवलेली गावरान अंडी. पाठवणाऱ्याचं नाव नाही. अप्पांनी विचारलंही नाही. "हाय एक पोल्ट्रीवाला," एवढंच म्हणाले. मग खोकी येतच राहिली. चौथ्या-पाचव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात लाल कोळिष्टक दिसे आणि मधोमध एक ठिपका टुकटुक उडे. मज्जातंतू काही दिसत नसत; ते उघड्या डोळ्यांना दिसायचेच नाहीत. अप्पांचा चौकशीचा हट्ट मात्र चालू. पिल्लं बाहेर आली, की ती जीपवाल्या सलीमकडे जात. तीही महादेवाची शपथ घालून: कापायची नाहीत. सलीम बिचारा म्हणे, "अप्पा, मला महादेवाची शपथ लागू हाय का?" "समद्यांना लागू हाय." आता त्याच्या जीपच्या टपावर कोंबड्या झोपतात.

राजूला आठवा लागला आणि खोकी थांबली. अप्पा दारात येरझारा घालू लागले. "सप्लाय बंद पडला, अक्का. फोन करून विचारा."

"तुम्ही करा."

"मी पोल्ट्रीवाल्याशी बोलत न्हाई."

मी केला. राजू म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय. कोंबडा लागलेली गावरान अंडी मीच वेचायची, दत्ताला पोल्ट्रीतलीच कळतात." मग म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण न्यायला कुणी येणार नसंल तर इथंच लातूरला दवाखान्यात नाव घालावं लागंल. घरचे उद्या घालून राहिलेत."

मी अप्पांना शब्दन् शब्द सांगितला. ते खाकरले. "तक्रार करायलाच पाहिजे. अंडी अशी मध्येच थांबवत्यात का? सलीमला जीप काढाय सांगा. अन् अक्का, तुम्ही साक्षीला चला."

साक्षीदार म्हणून मी खण, नारळ आणि तांदूळ पिशवीत भरले.

रेणापूरला राजू कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. अप्पा अंगणातच थांबले. "अंडी का थांबली?"

"अप्पा, अंडी न्यायला आलात का मला?"

अप्पांनी खिसे चाचपले, जणू उत्तर कुठंतरी ठेवलं होतं. तेवढ्यात दत्ता पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आला, आणि अवघडून तिथंच उभा राहिला. अप्पांनी तांब्या घेतला, तोंड वर करून सगळा रिकामा केला आणि म्हणाले, "पोरीची पिशवी कुठं हाय?"

मी ओटी भरली. डोळे पुसायला दत्ता कोंबड्यांमागे गेला.

परतीला मी आणि राजू मागे, अप्पा पुढे. तक्रारीचा शब्द नाही. अहमदपूरच्या अलीकडे राजूला झोप लागली. अप्पांनी हळूच हात लांबवून ड्रायव्हरपुढचा आरसा आपल्याकडे वळवला.

"अप्पा, मला मागचं कायबी दिसंना की!" सलीम म्हणाला.

"मागचं मी बघून राहिलो," अप्पा आरशावरची नजर न काढता म्हणाले. "तू खड्डे बघ."